एका चेंबरची तीन पॅकिंगं

आमची टाटा १२१० ही १९९२ सालची गाडी, एमएच-०६ची, पासिंग पेणचं. बाबांनी ती जुनीच घेतली होती. खारीची भातशेती सिडकोच्या संपादनात गेली, १९८९च्या मे महिन्यात न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, आणि गव्हाण, कोपर, जासई, चिर्ले या आमच्या पट्ट्यात ज्याच्या हाती मोबदल्याचे चार पैसे राहिले त्यातले पुष्कळजण गाडीच्या धंद्यात उतरले. ज्या जमिनीसाठी १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातल्या आंदोलनात पाच माणसांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्याच जमिनीवर आम्ही पुढे भरावाची माती वाहिली. बाबा हे कधी बोलले नाहीत. पण रिकामी गाडी घरी आणताना जुन्या बांधाच्या जागी ते हमखास वेग कमी करायचे.

२००८ च्या मे महिन्यापासून गाडीखाली ऑइल पडायला लागलं. पुढच्या वर्षभरात मी त्या एका चेंबरचं पॅकिंग तीनदा बदललं. पहिल्या दोन वेळा चुकलो, तिसऱ्या वेळी जमलं. त्यातून जे हाती आलं ते क्रमाने लिहितो. आकडे घातलेत म्हणून सगळं सारख्या वजनाचं आहे असं समजू नका. दोन-तीन गोष्टी मोठ्या आहेत, बाकीच्या त्यांच्या मागोमाग आल्या.

१. थेंब खाली दिसला म्हणजे गळती खालीच आहे, असं नाही.

ऑइल वरून येतं आणि सगळ्यांत खालच्या जागेवरून पडतं. इंजिनाची सगळ्यांत खालची जागा म्हणजे चेंबर, ऑइल साठवणारं पत्र्याचं भांडं. त्यामुळे टॅपेट कव्हर गळो, फिल्टरचा जोड गळो की टायमिंग कव्हर, आळ येतो चेंबरच्या पॅकिंगवरच. क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं असेल तर फसगत हमखास, कारण तेही चेंबरच्या मागच्या कडेवरूनच ओघळतं. पॅकिंग थोडक्यात मिळतं. सीलसाठी गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरावं लागतं. दोन्ही गळत्यांचा थेंब मात्र जमिनीवर सारखाच दिसतो.

म्हणून आधी इंजिन डिझेलने धुवायचं, मग साबणाच्या पाण्याने, आणि पूर्ण वाळू द्यायचं. वाळलं की चेंबरच्या कडेला आणि वरच्या जोडांना टाल्कम पावडर मारायची. चिर्ल्यापर्यंत नाही, पण निदान उलव्यापर्यंत एक चक्कर मारून यायचं आणि बॅटरी घेऊन खाली झोपायचं. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथून सुरू झालेली दिसते, ती खरी जागा. हे मी तिसऱ्या वेळी केलं. पहिल्याच वेळी करायला हवं होतं.

२. कळंबोलीला निघण्याआधी इंजिनाचा नंबर पाठ पाहिजे.

स्टीलच्या बाजारामुळे कळंबोलीला गाड्यांची एवढी वर्दळ आहे की ट्रकचा कुठलाही पार्ट तिथे मिळतो. पण काउंटरवरचा माणूस गाडीचं नाव विचारत नाही. तो विचारतो, “६९७ की ४९७?” हा आकडा कोड्यासारखा वाटतो, पण आहे सरळ. पहिला अंक सिलिंडर किती ते सांगतो, पुढचे दोन सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. आमचं ६९७, म्हणजे ९७ मिलिमीटरचे सहा सिलिंडर. ४९७ला तसेच चार, म्हणजे इंजिन आखूड आणि चेंबरही आखूड. गाडीच्या नावातही असाच हिशोब आहे. १२१० मधले बारा म्हणजे एकूण बारा टनांची गाडी, आणि दहा म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती.

या इंजिनाचं मूळ जर्मन. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझशी करार केला, तो १९६९ ला संपला. तरी आमच्याकडचे म्हातारे ड्रायव्हर अगदी परवापरवापर्यंत टाटाच्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणायचे. त्या माणसांना ही इंजिनं आवाजावरून कळत.

३. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. ठोकळ्यावर टेकलेल्या गाडीखाली जावं.

हा मुद्दा पहिलाच घालणार होतो. पण नंबर पाठ नसेल तर कळंबोलीचा फेरा फुकट जातो, आणि फेरा फुकट गेलेला माणूस घाई करतो. घाईतला माणूसच जॅकवर विसंबतो.

आमच्या गाडीत पुढचा एक्सल इंजिनाच्या खालून आडवा जातो. चासी उचलून एक्सल खाली लोंबू दिला तरच चेंबर बाहेर काढण्याइतकी जागा होते. खड्डा किंवा रॅम्प असेल तर उत्तम. आमच्याकडे होतं अंगण, आणि ते अंगण म्हणजे खारीच्या चिखलावर टाकलेला भराव. वरून मुरूम टणक दिसतो, पण पहिल्या पावसानंतर त्याच्याखालचं सगळं लोण्यासारखं होतं.

२००८ च्या जूनमध्ये मी जॅक थेट मुरुमावर लावला. खाली एक फळी होती, तेवढीच. चेंबरचे निम्मे बोल्ट सुटले होते. माझा चुलतभाऊ तेराचा रिंग पाना आणायला म्हणून बाहेर सरकला आणि उठून उभा राहतो न राहतो तोच फळीचं एक टोक आत गेलं. जॅक तिरका झाला आणि चासी वीतभर खाली आली. आवाज फार झाला नाही. मी दुसऱ्या अंगाला होतो, चाकाच्या बाहेर. तो जिथे झोपला होता तिथे गोणपाटावर त्याच्या पाठीचा घामाचा ओला ठसा तेवढा उरला होता, आणि चासी त्याच्यावर चार बोटांवर येऊन थांबली होती.

बाबा ओट्यावरून धावत आले. मला काही बोलले नाहीत. त्यांनी आधी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मग जुन्या रेल्वे स्लीपरचे तुकडे आणून आडवे-उभे रचले आणि त्यावर चासी टेकवली. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाले, “गारीखाली जासील त आदी दगर लाव, बाला. दगर लाव, मंग लाकूर लाव, मंग जा.” ते वाक्य मला अजून रोज आठवतं. स्लीपरचे ते तुकडे गाडी गेली तरी मी ठेवलेत.

४. ऑइल कोमट असताना सोडावं.

थंड ऑइल घट्ट असतं. ते गाळ तळाला ठेवून वरचं वर निघतं. उकळतं ऑइल हात भाजतं. दहा मिनिटं इंजिन चालवून पंधरा मिनिटं थांबलं की बरोबर होतं. तळाचा नट काढल्यावर लगेच चेंबरला हात घालू नये, रात्रभर निथळू द्यावं. वर पंपात, बेअरिंगांत, भिंतींवर अडकलेलं ऑइल सकाळपर्यंत उतरत राहतं. नाहीतर तुम्ही नवीन पॅकिंग कोरड्या कडेवर बसवायला जाता आणि वरून थेंब पडत राहतात.

नटाचा तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो. नवा मिळाला तर नवा घालावा. नाहीच मिळाला तर गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा, पुन्हा मऊ होतो. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं नेमकं मऊ पडतं. पळस्पे फाट्याच्या मेस्त्रींनी, त्यांच्याबद्दल पुढे येईलच, हे दाखवलं तेव्हा मी तो वायसर बोटांनी वाकवून पुन्हा पुन्हा बघत बसलो होतो.

५. चेंबर उतरलं की आधी तळाशी काय आहे ते बघावं.

बहुतेकजण चेंबर घाईने डिझेलच्या घमेल्यात टाकतात. तसं करू नये. एवढ्या वर्षांत त्या इंजिनाच्या पोटात काय काय घडलं ते सगळं त्या गाळात असतं. बोटाने थोडा गाळ उचलून पांढऱ्या कागदावर पसरायचा आणि उन्हात धरायचा.

चकाकी दिसली तर लोहचुंबक लावायचा. चिकटली तर लोखंड आहे. एवढ्या जुन्या इंजिनात थोडी भुकटी असतेच, पण कण नखाला टोचायला लागले तर काळजी करावी. चिकटली नाही आणि रंग पांढुरका किंवा तांबूस असेल तर ती बेअरिंगची झीज. तेव्हा पॅकिंगचं काम तिथेच थांबवून कॅपं उघडून बघायची. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर कुठून तरी पाणी आत जातंय आणि गळती ही तुमची सगळ्यांत लहान अडचण आहे.

आमच्या चेंबरच्या तळाला बोटभर काळा लगदा निघाला. कोपऱ्यात एक तुटलेला स्प्रिंग वायसर होता, इंजिनात कुठेही न जुळणारा. आमच्याआधी कुणीतरी कधीतरी इंजिन उघडलं होतं आणि हातातून सुटलेला तो वायसर तसाच आत राहिला होता. पंपाच्या जाळीने त्याला वर्षानुवर्षं अडवून धरलं. त्या जाळीला त्या दिवशी मी हात लावून नमस्कार केला.

६. पॅकिंग फक्त जागा भरतं. कड सरळ नसेल तर तेही काही करू शकत नाही.

आता पहिल्या चुकीबद्दल. जूनमध्ये मी कॉर्कचं नवं पॅकिंग आणलं, जुनं खरवडलं, बसवलं आणि तेराच्या पान्याला पाइप लावून सगळे बोल्ट आवळले. जितकं घट्ट तितकं चांगलं, अशी माझी समजूत होती. गणपतीपर्यंत गळती परत आली, पहिल्यापेक्षा जास्त.

पळस्पे फाट्यावर एक वयस्क मेस्त्री होते. आयुष्य ट्रकच्या इंजिनांत गेलेलं. ऑक्टोबरात मी उतरवलेलं चेंबर टेम्पोत घालून त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी ते तोंड वर करून बाकावर ठेवलं आणि कडेवर एक लोखंडी पट्टी उभी धरली. पट्टीखालून मागचा उजेड दिसत होता. प्रत्येक भोकाच्या भोवती पत्रा वर उचलला गेला होता आणि दोन भोकांच्या मध्ये खोलगट झाला होता. बोल्ट जितके मी आवळले, तितका भोकाजवळचा पत्रा इंजिनाकडे ओढला गेला आणि मधली जागा सुटत गेली. ऑइल बोल्टातून नव्हे, बोल्टांच्या मधून गळत होतं.

“पॅकिंगला दाबायचं असतं, चिरडायचं नसतं,” ते म्हणाले. मग लाकडी ठोकळ्यावर कड ठेवून, छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने, एकेक भोक घेत, ते पत्रा बसवत गेले. मध्येच पट्टी लावून बघायचे, परत दोन टोले. टोला पडल्याचा नुसता टक् आवाज. तासाभरात पट्टीखालचा उजेड बंद झाला. त्यांनी पैसे घेतले ते चहाचे.

इंजिनाची बाजूही तितकीच साफ लागते. जुनं पॅकिंग पत्र्याच्या बोथट तुकड्याने काढावं. हॅक्सॉच्या ब्लेडने खरवडलं तर कडेवर रेघा उठतात आणि प्रत्येक रेघ म्हणजे ऑइलला वाट. वर बघत खरवडताना चुरा डोळ्यांत येतो, म्हणून चष्मा लावावा. आणि क्रँकच्या बाजूला स्वच्छ फडकं अडकवून ठेवावं, म्हणजे चुरा वर जाणार नाही. ते फडकं काढायला विसरू नये.

७. कॉर्क ही झाडाची साल आहे.

एवढं लक्षात ठेवलं तरी तिच्याशी वागायचं कसं ते कळतं. ज्याला आपण बुचाचं झाड म्हणतो, पावसाळा संपताना रात्री लांब पांढरी फुलं टाकणारं, ते हे नव्हे. त्याच्या सालीचंही हलकं बूच निघतं, म्हणून ते नाव पडलं. पॅकिंगचं कॉर्क एका ओकच्या जातीचं असतं. जगातलं सगळ्यांत जास्त पोर्तुगालमधून येतं. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल सोलून घेतात आणि ती परत वाढते.

साल असल्यामुळे ती हवेतली ओल धरते आणि सोडते. दुकानात पंख्याखाली वर्षभर टांगलेलं पॅकिंग वाळून आखडतं. घरी आणून चेंबरवर ठेवलं की एका टोकाची भोकं जुळतात आणि दुसऱ्या टोकाला पाऊण बोटाचा फरक पडतो. तेव्हा ओढून बसवू नये, तुटतं. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावं, मग सपाट फळीवर पसरून वरचं पाणी टिपावं. ते आपल्या मापावर परत येतं. दुकानातून आणताना गुंडाळी करून खिशात घालू नये, फळीवर सपाट बांधून आणावं. मी पहिलं पॅकिंग शर्टात खुपसून आणलं होतं आणि त्यात जी घडी पडली ती शेवटपर्यंत गेली नाही.

८. सिलिकॉन भीतीपोटी लावू नये.

ही दुसरी चूक, आणि जास्त मोठी. मेस्त्रींनी कड सरळ करून दिली होती. तेवढ्यावर विश्वास ठेवून पॅकिंग कोरडंच बसवलं असतं तर चाललं असतं. पण एकदा गळाल्यामुळे मनात धाकधूक होती. मी सिलिकॉनची अख्खी ट्यूब घेतली आणि पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना बोटभर जाड रेघ मारली. बोल्ट आवळताना ते बाहेर आलं ते पुसलं, आणि खूश झालो. जेवढं बाहेर आलं तेवढंच आतही गेलं होतं, ते मला दिसत नव्हतं.

फेब्रुवारीत चढावर ऑइल प्रेशरचा काटा पडायला लागला. जासईच्या पुढच्या चढाला तो एकदा इतका खाली आला की मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागून बंदराकडे जाणारे ट्रेलर हॉर्न देत होते. नंतर चेंबर उघडलं तेव्हा पंपाच्या जाळीवर राखाडी रंगाचे, गांडुळासारखे सिलिकॉनचे तुकडे गोळा झाले होते. अर्धी जाळी बंद. आणखी थोडा वेळ चालवली असती तर बेअरिंगं गेली असती, क्रँक गेला असता, आणि पॅकिंगच्या पैशांच्या कामात अख्खं इंजिन गेलं असतं. शिवाय कॉर्कला दोन्ही बाजूंनी ओलं सिलिकॉन मिळाल्यामुळे ते आवळताना घसरलं होतं आणि एका जागी कडेबाहेर आलं होतं.

सिलिकॉनला जागा आहे. टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथे मिळतात, मागे जिथे सरळ कड गोल वळणाला लागते, त्या कोपऱ्यांत ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. बाकी सगळं कोरडं. लावल्यावर एक रात्र सुकू द्यायचं. सकाळी गाडी काढायची आहे म्हणून रात्रीच ऑइल भरू नये.

९. दोरा, पुठ्ठा, आणि हळू हात.

जड चेंबर खालून वर चढवताना पॅकिंग सरकतं, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे. तिसऱ्या वेळी मेस्त्रींनी आईकडे शिवणाचा सुती दोरा मागितला. बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते, त्यांनी आपला नायलॉनचा दोरा पुढे केला. मेस्त्री म्हणाले, नको, तो आवळल्यावर दबत नाही. मग पॅकिंग चेंबरवर ठेवून चार-सहा भोकांतून सुती दोऱ्याने सैल बांधलं. ते बोल्ट सगळ्यांत शेवटी लावायचे. लावायच्या आधी दोरा कापून ओढून घ्यायचा, आणि थोडा आत राहिला तरी बारीक असल्यामुळे काही बिघडत नाही.

बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. चेंबरचा आकार पुठ्ठ्यावर काढून, भोकं पाडून, जिथला बोल्ट तिथे खोचून ठेवावा. ब्लॉकमधली भोकं फडकं आणि तार घालून कोरडी करावीत. भोकात ऑइल साचलेलं असलं तर बोल्ट त्या ऑइलवर टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण पॅकिंग दाबलेलंच नसतं.

आधी सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी. मग गोटी आणि आखूड दांडी घेऊन मधून दोन्ही टोकांकडे, समोरासमोरचे. एका फेरीत थोडं, दुसऱ्या फेरीत थोडं, तिसऱ्यात शेवटचं. कॉर्क कडेला जरासं फुगलेलं दिसलं की थांबायचं. पाइप लावायचा नाही. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर इंजिन थंड असताना एकदा हात फिरवायचा, कारण कॉर्क बसल्यावर बोल्ट थोडे सैल होतात.

१०. इंजिनाला श्वास घ्यायची वाट मोकळी आहे का, हे सगळ्यांत आधी बघावं.

हा खरा धडा. आधीचे नऊ कळायलाही मला वेळ लागला, पण हा माझा मला कधीच कळला नसता.

२००९ च्या मे महिन्यात मी मेस्त्रींना गव्हाणला घरी घेऊन आलो. मी पाने काढायला लागलो, तर त्यांनी हात धरला. “थांब. आधी इंजिन चालू कर.” चालू केलं. त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर तळहात आडवा ठेवला. बराच वेळ तसाच. मग माझा हात घेऊन तिथे ठेवला. आतून धाप लागल्यासारखी हवा हाताला ढकलत होती.

कितीही चांगलं इंजिन असलं तरी पिस्टनच्या रिंगांपासून थोडा वायू खाली चेंबरकडे निसटतो. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदर असतो, एक साधा पाइप. तो बंद झाला तर वायू आत कोंडतो आणि जिथे जागा मिळेल तिथून ऑइल घेऊन बाहेर पडतो. सगळ्यांत कमकुवत जागा म्हणजे पॅकिंग. रिंगा झिजल्या असतील तर ब्रीदर उघडा असूनही असंच होतं, आणि मग इंजिनाचं काम काढावं लागतं. मी मनात खर्चाचा आकडा मांडायला लागलो होतो.

मेस्त्री गाडीखाली गेले. ब्रीदरचा पाइप खाली लोंबतो, त्याच्या तोंडात त्यांनी तार घातली. तार दोन इंचांवर अडली. त्यांनी पाइप काढला, दगडावर आपटला, आणि आतून वाळलेली माती पडली. साधी माती नव्हती. गोलसर, एकीला एक लागून बांधलेल्या खोल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. एक फुटली तेव्हा तिच्यात सुकलेल्या कोळ्यांचे पाय निघाले. कुंभारीण माशीचं घर. २००७ च्या पावसाळ्यात काम नसल्यामुळे गाडी दीड महिना शेवग्याच्या झाडाखाली उभी होती. तेवढ्यात तिने अंडी घातली, पिल्लांसाठी कोळी भरून ठेवले आणि वरून माती लिंपून टाकली. त्यातून पिल्लं बाहेर पडली की नाही माहीत नाही. पाइप मात्र तेव्हापासून बंद होता. त्याच्यावर रस्त्याची धूळ आणि ऑइलची वाफ बसत गेली आणि मे उजाडेपर्यंत त्याचा दगड झाला होता.

पाइप धुऊन लावला. इंजिन परत चालू केलं, झाकणाच्या तोंडावर हात ठेवला. आता हवा जेमतेम जाणवत होती. मेस्त्री म्हणाले, “रिंगा ठीक आहेत. आता काढ चेंबर.”

मग वर लिहिलंय त्या सगळ्या रीतीने तिसरं पॅकिंग बसवलं. गाडी २०१६ ला विकली तोवर ते चेंबर परत उघडावं लागलं नाही. मी पाइपाच्या तोंडाला बारीक जाळीचा तुकडा तारेने बांधला होता आणि दर पंधरा दिवसांनी तो बघत होतो. जाळीही तुंबू शकते, म्हणून बघणं सोडायचं नाही.

११. उतरलेलं ऑइल कुठे जातं, हेही आपलंच काम.

यावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण यात आमच्याकडून फार चुका झाल्या. पूर्वी जुनं ऑइल कुंपणाच्या मुळाशी ओतायचे, वाळवी लागू नये म्हणून. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला बांधकामवाले मागून न्यायचे. उरलेलं गटारात. आमच्या गावचं गटार खाडीला मिळतं. भरतीला पाणी खारफुटीच्या मुळांपर्यंत येतं आणि ओहोटीला त्याच चिखलात गावातली माणसं निवट्या आणि चिंबोऱ्या धरतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एक गॅलन वापरलेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. आपल्याकडेही २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल आहे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवायचो, पाण्याचा थेंब जाऊ न देता, आणि मोठ्या गॅरेजांकडून उचलणारी गाडी येते तिच्याकडे द्यायचो.

हातांचंही तेच. वापरलेलं काळं ऑइल कातडीत मुरतं आणि वर्षानुवर्षं मुरलं तर आजार देतं. डिझेलने हात धुण्याची सगळ्यांची सवय असते, पण डिझेल ते आणखी आत नेतं. कामाआधी हातमोजे घालावेत, नाहीतर निदान खोबरेल चोळावं, आणि नंतर साबण आणि लाकडाच्या भुशाने धुवावं.

आणि रस्त्याचं. गळकी गाडी म्हणजे फक्त मालकाचं नुकसान नव्हे. गव्हाण फाट्याच्या वळणावर गाड्या थांबून थांबून निघतात, तिथे थेंब एका जागी साचतात. पहिला पाऊस पडला की त्या जागेवर निळी-जांभळी साय पसरते आणि दुचाकीवरची माणसं तिथेच घसरतात. २००८ च्या जूनमध्ये मी तिथे एका नवराबायकोला उठवलं होतं. त्यांना फार लागलं नव्हतं. बाईंच्या साडीवर काळा डाग होता आणि त्या तो हाताने पुसत होत्या. त्या जागी माझ्या गाडीचे किती थेंब होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आमच्या अंगणात शेवग्याखाली जिथे गाडी उभी राहायची, तिथे चटईएवढा काळा डाग होता. गाडी विकल्यावर मी वरची वीतभर माती काढून नवी टाकली. तरी कितीतरी पावसाळे आजूबाजूला सगळं हिरवं व्हायचं आणि तो तुकडा उघडाच राहायचा. गेल्या वर्षी जुलैत तिथे टाकळा उगवला, इतर जागेसारखाच दाट. मी भाजीसाठी खुडायला वाकलो तर आई ओट्यावरून ओरडली, “तिकरचा नको, बाला. तिकरं गारीचं त्याल हाय.” मग मी पलीकडचा खुडला.